तपकिरीचा हिशोब : फराळ-कार्डाच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

दिवाळीच्या ऑर्डरी यंदा रीतसर घ्यायच्या, असं वहिनींनी ठरवलं. ओळखीपाळखीत डबे जायचेच. आता एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी झाली, चौदा आकडी नंबर आला, म्हणून छापील कार्ड हवं. एका बाजूला सहा पदार्थांचे फोटो, मागे भाव, नावं मराठीत आणि कन्नडात. करणं-भाजणं वहिनींकडे, वजन-तापमान आणि फोटो माझ्याकडे. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात आहे, "भावजींना मापं कळतात", एवढ्या भांडवलावर ही जबाबदारी आली. शिवाय माझ्याकडे जुना क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, ५० एमएमची एफ १.८ लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड आहे.

यादी: नाचण्याची बिस्किटं, गव्हाची नानकटाई, करदंट (डिंक-सुकामेव्याची गुळातली वडी), शेंगापोळी, रताळ्याचा गुळातला केक, कुंदा (आटवलेल्या दुधाची मिठाई). मांडे होते, ते वहिनींनीच काटले. उपड्या खापरावर पोळी टाकणारा हात आमच्या घरात नाही, आणि मांडे खायचे तर ज्यांना जमतात त्यांच्याकडचेच खावेत.

मी एकच अट घातली: फोटोत जो रंग, तोच डब्यात. जाहिरातीतल्या खाण्याला तेल फासतात, ग्लिसरीनचे थेंब सोडतात. आमचं गिऱ्हाईक एका हातात कार्ड धरून दुसऱ्या हाताने डबा उघडणार. नमुना एक आणि माल दुसरा गेला की काय होतं ते मी रोज बघतो.

यादी पुन्हा वाचली. सहाच्या सहा पदार्थ तपकिरी आहेत. कोथिंबीर भुरभुरायची सोय कुठेच नाही.

१३ जुलै

जागा ठरली. आमचं घर वडगावात, स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला. उत्तरेच्या खिडकीत कधी ऊन येत नाही हे जे वाचायला मिळतं ते युरोपातल्या लोकांचं. बेळगाव १५.८ अक्षांशावर, मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे आत्ता आमच्या खिडकीतून ऊन यायला हवं. येत नाही, कारण आभाळ भरलंय. जुलैचं आभाळ म्हणजे फुकटचा डिफ्यूझर, सावल्यांच्या कडा आपोआप मऊ. उघडीप मिळाली तर वडिलांचं जुनं धोतर दुहेरी करून चौकटीला टाचायचं.

अडचण वेगळीच निघाली. पावसाळी उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) १०० आणि एफ ८ (लेन्सचं तोंड बारीक) ठेवलं की शटर १/८ सेकंद उघडं ठेवावं लागतं. ट्रायपॉड असताना यात काही बिघडू नये. पण भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. माग चालू असले की फरशीत बारीक थरथर असते, पायाला कळत नाही, फोटोत कळते. बशीची कड दुहेरी येते. वहिनींनी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "पण बशी कवा हलली भावजी?"

उपाय तीन: ट्रायपॉडच्या पायांखाली जाड रबर, आयएसओ ४०० आणि एफ ५.६ वर येऊन शटर १/६० पर्यंत जलद करणं, किंवा माग बंद असताना काढणं. शेजारी दुपारी जेवायला तासभर माग थांबतात. तोच आमचा मुहूर्त.

२० जुलै

चाचणीसाठी बाजारातून पाव किलो कुंदा आणला. घरचा घट्ट होईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, आज प्रश्न फक्त रंगाचा होता.

एकच वाटी, एकच उजेड, खाली तीन पृष्ठभाग: काळा कडप्पा, पांढरी चिनी बशी, शहाबादी फरशीचा तुकडा. कडप्प्यावर कुंदा जवळजवळ नारिंगी, पांढऱ्या बशीवर काळपट चॉकलेटी. कॅमेरा मॅन्युअलवर होता, एक्सपोजर तेच, तरीही. स्क्रीनवर कुंद्याच्या ठिपक्याचे आकडे तपासले तर तिन्हीत जवळपास सारखे. फरक आपल्या डोळ्यांत आहे.

याचं कारण माहीत असलं तर पुढचं सगळं सोपं होतं. तपकिरी रंगाचा उजेड असा नसतोच. इंद्रधनुष्यात तो सापडत नाही. नारिंगी रंग आजूबाजूच्या मानाने अंधारा असला की आपण त्याला तपकिरी म्हणतो. भोवती काळं असेल तर तोच ठिपका उजळ वाटून नारिंगी होतो, भोवती पांढरं असेल तर दबून काळपट होतो. म्हणून तपकिरी पदार्थाच्या फोटोत निम्मा रंग पार्श्वभूमीचा असतो. पांढऱ्या संगमरवराचे स्टिकर लावलेल्या पाटावर जो तो फोटो काढतो. त्यावर स्ट्रॉबेरी छान दिसत असेल, करदंट कोळशासारखा दिसेल.

शहाबादी जिंकली. मध्यम करडी, किंचित निळसर-हिरवट झाक, त्यामुळे नारिंगीच्या विरुद्ध बाजूची. मागच्या परड्यात न्हाणीचं काम झाल्यावर उरलेली होती. घासून, वाळवून, मेण न लावता वापरायची.

कॅमेऱ्याच्या दोन सवयी मोडायच्या. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच ठेवायची सोय) ऑटोवर असला की तपकिरीतला पिवळेपणा त्याला दोष वाटतो आणि तो काढून टाकतो; बिस्किट पुठ्ठ्यासारखं राखाडी येतं. म्हणून दर वेळी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक करडा पुठ्ठा, धरून व्हाइट बॅलन्स बांधून घ्यायचा आणि ट्यूबलाइट बंदच ठेवायची. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की एका बाजूने पिवळं, दुसरीकडून निळं. दुसरी सवय मीटरची. समोरचं सगळं मध्यम करडं धरून ते एक्सपोजर काढतं, म्हणून गडद पदार्थ उगाच उजळ करतं. नाचण्याच्या बिस्किटांना उणे दोन-तृतीयांश स्टॉप (म्हणजे थोडा कमी उजेड), पिठीसाखर पेरलेल्या कशालाही तेवढंच अधिक.

३ ऑगस्ट

ओटीजीची, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनची, तपासणी. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) जाळीच्या मधोमध टांगून दर मिनिटाला आकडा लिहिला. बटण १८० वर. आतली हवा १६३ ते २०४ मध्ये खालीवर. थर्मोस्टॅट बायमेटल पट्टीचा, तापला की तुटतो, थंड झाला की जुळतो, त्यामुळे हेलकावा असणारच. वरच्या कॉइलजवळ तर आणखी जास्त.

बिडाचा तवा खालच्या खाचेत ठेवून पंचवीस मिनिटं तापवलं. हेलकावा निम्म्यावर आला. वस्तुमान उष्णता धरून ठेवतं, यात नवं काही नाही. पण वहिनी गेली चार-पाच वर्षं ट्रेची दिशा मध्येच फिरवून, कधी दार किलकिलं करून हेच सांभाळत होत्या, कागदावर कुठेही नव्हतं. त्यांना तवा आवडला. त्यांच्या मते ओटीजी "आता भट्टीसारखा वागतोय".

१० ऑगस्ट

नाचण्याची बिस्किटं. नाचण्याचं पीठ १२० ग्रॅम, गव्हाचं ८०, तूप १००, गुळाची पावडर ९०, दोन चमचे दूध, वेलची, सोडा चिमूटभर. नाचण्यात ग्लुटेन नाही, निव्वळ नाचणा घेतला तर बिस्किट उचलताना हातात भुगा येतो. गव्हाचा आधार लागतो. नाचणा चंदगडकडचा, जात्यावरून नव्हे, गिरणीतून आलेला, पण दोनदा दळलेला.

इथे प्रश्न भाजण्याचा आणि फोटोचा एकच निघाला. मैद्याचं बिस्किट भाजलं की पांढऱ्याचं बदामी होतं, डोळ्याला कळतं. नाचण्याचं पीठ मळतानाच तपकिरी असतं. भाजून किती झालं हे रंगावरून सांगताच येत नाही. आमच्या फौंड्रीच्या भट्टीवरचे जुने लोक वितळलेल्या धातूच्या रसाचा रंग बघून तापमान सांगतात, पण तिथे रंग बदलतो तरी. इथे बदलत नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून वजन. २० ग्रॅमचा गोळा भाजून १८ ग्रॅमवर आला की झालं. १८.५ ला मधोमध ओलसर राहतं, १७.५ ला कड कडू लागते. गूळ करपायला वेळ लावत नाही. वहिनींची खूण वेगळी: वास आधी पिठाचा येतो, मग तुपाचा, मग गुळाचा, गुळाचा वास आला की दोन मिनिटांत काढायचं. काट्यावर ताडून पाहिलं. जुळतं. आता कार्डाच्या प्रकल्पाला काट्याची गरज आहे, वहिनींना नाही.

फोटो: खिडकी डावीकडे, किंचित मागे. समोरून उजेड घेतला की नाचण्याच्या बिस्किटाचा सपाट गोल ठिपका होतो. तिरपा घेतला की वरचे बारीक खड्डे दिसतात आणि खुसखुशीतपणा न सांगता कळतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, पण दूर. जवळ आणला की सावली पुसली जाते आणि पुन्हा ठिपका. एक बिस्किट मोडून ठेवलं. दालचिनीच्या कांड्या आणि कॉफीच्या बिया शेजारी विखुरण्याची पद्धत आहे, ती मला मुळीच आवडत नाही. पदार्थात जे नाही ते बाजूला कशाला?

आई दाराशी येऊन गेली. "खाऊ देणार काय नाही, का फोटोच काढूलास?"

१७ ऑगस्ट

नानकटाई. पूर्वी दिवाळीच्या आधी पीठ, साखर, तूप घेऊन बायका बेकरीत जायच्या आणि भट्टीवर भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायच्या. आईने सांगितलेली एक गोष्ट उपयोगी पडली: तूप वितळलेलं आणलं तर भट्टीवाला ते परत पाठवायचा. रवाळ तूप परातीत तळहाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं, त्यात हवा कोंडते, म्हणूनच वर भेगा पडतात. वितळलेल्या तुपाची नानकटाई पसरते.

गव्हाचं पीठ १५०, बेसन ५०, पिठीसाखर १००, तूप १२०. १६० अंश, वीस मिनिटं. भेगा उत्तम. पदार्थ सोपा, फोटोही सोपा. पुढे.

२४ ऑगस्ट

करदंट. वहिनींचं माहेर गोकाकचं, त्यामुळे इथे माझं कोणी ऐकत नाही. त्यांची आई, म्हणजे आमच्या मावशी, चार दिवसांसाठी आली आहे आणि कढई त्यांच्या ताब्यात आहे.

डिंक तुपात तळून फुलवायचा, एकेक खडा. एकदम टाकला तर बाहेरून फुलतो, आत काचेसारखा कच्चा राहतो आणि दातात अडकतो. खारीक, सुकं खोबरं, काजू, बदाम, खसखस, जायफळ. काजू खानापूरकडचे. गुळाचा पाक मावशी पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघतात: बोटांत गोळी झाली पाहिजे, पण दाबली की थोडी चेपली पाहिजे. मी थर्मोकपल बुडवलं. ११८. पुढच्या घाण्याला त्यांनी थेंब बघून "आता" म्हटलं तेव्हा ११७. मी आकडा वहीत लिहिला आणि गप्प बसलो.

फोटोला हा सगळ्यात अवघड. गुळाच्या पाकाची चकाकी, डिंकाची चकाकी, तुपाची चकाकी. प्रत्येक कोपऱ्यात खिडकीचा पांढरा चौकोन उमटतो. पोलरायझर लावला तर चकाकी जाते, पण तिच्याबरोबर ओलसर चिवटपणाही जातो, वडी शिळी दिसते. चकाकी हवी, फक्त एका जागी हवी. म्हणून वडी कापली आणि कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे केली, उजेड मागून. वरच्या कडेला एक चकाकती रेघ, कापात खारकेचे तुकडे, बदामाचे पांढरे काप, डिंकाचे फुललेले खडे. कॅमेऱ्याच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला, त्याने पुढचा अनावश्यक उजेड खाल्ला. एफ ८. एफ १.८ वर पुढची एकच कड स्पष्ट येते आणि मागे सगळं लोणी. कार्डावर अंगठ्याएवढ्या फोटोत ते समजत नाही.

मावशींना फोटो दाखवला. "खसखस कमी दिसूलाय," म्हणाल्या. खरं होतं. पुढच्या घाण्यात खसखस वरूनही पेरली. हे फसवणं होत नाही. ऑर्डरीतही तशीच पेरणार.

१४ सप्टेंबर

गणपतीत काही झालं नाही, होणारही नव्हतं.

आज शेंगापोळी. दाण्याचं कूट-गूळ भरून लाटलेली, तव्यावर कोरडी भाजलेली. कन्नडमध्ये शेंगा होळिगे. पाणी नसल्यामुळे पुरणपोळीपेक्षा कितीतरी जास्त टिकते, प्रवासाला चालते, म्हणून ऑर्डरीला सोयीची.

साडेअकराला वीज गेली. माग थांबले, फरशी शांत, खिडकीत ढगाळ उजेड, शेगडी गॅसची. असा योग ओटीजीच्या पदार्थांना जेवणाच्या सुट्टीखेरीज मिळायचा नाही. वीज असली की ओटीजी चालतो आणि फरशी हलते. पोळीवरचे भाजल्याचे डाग हा या फोटोचा विषय. हे डाग साखर आणि प्रथिनं साधारण १४० अंशांच्या वर एकत्र आली की पडतात. लुई-कामिय मेयार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये या रासायनिक क्रियेचं वर्णन केलं. डाग एकसारखे नकोत. यंत्राच्या पोळीला एकसारखे असतात.

वरून काढायचा होता. ५० एमएमची लेन्स क्रॉप सेन्सरवर लांब पडते, स्टुलावर चढून ट्रायपॉड उलटा बांधूनही पोळी पूर्ण मावेना. फोन जवळून धरला की जराशा तिरकेपणानेही गोल पोळी अंडाकृती येते. शेवटी पोळी चतकोर दुमडली, एकावर एक तीन रचल्या, बाजूने काढल्या. आतलं सारण दिसतं, हा फायदाच.

२० सप्टेंबर

पहाटे मार्केट यार्ड. नवरात्राच्या तोंडावर रताळ्यांची आवक जोरात, उत्तरेकडे जाणारे ट्रक भरत होते. उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी या पश्चिम भागातला माल, काही चंदगडचा. पोत्यातून निवडून घेऊ देत नाहीत. ओळखीच्या दलालाने घेऊ दिलं.

आपलं रताळं बाहेरून लाल, आतून पांढरट. परदेशी कृतींतलं रताळं आतून केशरी असतं, त्यांचा केक त्यामुळेच केशरी. आपला तसा होणार नाही, आणि रंग घालून करायचा नाही. उकडण्याऐवजी सालासकट १५० अंशांवर सावकाश भाजलं. रताळ्यातलं एक एन्झाइम साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात स्टार्चची माल्टोज नावाची साखर करतं. त्या टप्प्यातून गर जितका हळू जाईल तितकं रताळं गोड. थर्मोकपल गरात खोचून पाहिलं, तो टप्पा सावकाश गेला. त्यामुळे गूळ १५० वरून १२० ग्रॅमवर आणता आला.

केकचा रंग मात्र फार काळा. कारण सोडा. हाताशी असलेल्या कृतीत २०० ग्रॅम पिठाला एक चमचा होता. गूळ थोडा आंबट, तो सोड्याशी जुळतो आणि केक फुगतो, पण उरलेला सोडा पिठाला अल्कली करतो आणि अल्कलीत तपकिरी होण्याची क्रिया वेगाने चालते. अर्धा चमचा केला, दही फेटून घातलं. फुगवटा बोटभर कमी, रंग गुळाच्या ढेपेचा, आणि सोड्याची साबणासारखी मागची चव गेली. फोटोसाठी केलेली दुरुस्ती चवीला लागू पडली, अशी ही एकच.

२८ सप्टेंबर

कुंदा. दोन लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाची कढई, मंद आच, मग खवा, साखर. दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून जो रंग देतात तो घाईने मिळत नाही. आच वाढवली की तळाशी लागतो आणि रंग येतो खरा, पण डागाडागाचा. दुपारी दोनपर्यंत वहिनी आणि पुतणी आळीपाळीने कढईपाशी.

रंग कुठे थांबवायचा यावर वाद. मला थोडा गडद हवा होता, शहाबादीवर उठून दिसतो. वहिनी म्हणाल्या, "फोटोला गडद केला तर वर्षभर गडद करावा लागेल. गॅस कोण भरणार?" आकड्यांच्या माणसाला हे आधी सुचायला हवं, पण गॅसचा खर्च मी धरलाच नव्हता. त्यांच्या रंगावर थांबलो. काचेच्या वाटीऐवजी पळसाच्या पानाचा द्रोण घेतला. कुंदा तुपाने सुटा आणि दाणेदार आहे, चमच्याचा वळ तसाच ठेवला.

५ ऑक्टोबर

प्रेसमधून पहिलं प्रूफ. सगळं हिरवट. स्क्रीनवर जो तपकिरी लाल-हिरवा-निळा अशा तीन दिव्यांनी होतो तो कागदावर निळी-किरमिजी-पिवळी-काळी अशा चार शाईंनी करावा लागतो, आणि त्यात निळी जराशी वाढली की नानकटाईला बुरशी आल्यासारखी दिसते. प्रेसवाल्याचं म्हणणं, ट्यूबखाली बरोबर दिसतं. त्याच्या ट्यूबखाली खरंच बरं दिसत होतं. खऱ्या बिस्किटांची पिशवी घेऊन गेलो होतो. त्याला दाराबाहेर उजेडात आणून प्रूफवर बिस्किट ठेवलं. मग तो स्वतःच मशीनकडे गेला. निळी कमी, कागद चकचकीत आर्टऐवजी मॅट. मॅटवर छपाई थोडी गडद उतरते म्हणून सगळ्या फोटोंचे मधले टोन मी उजळले.

दुसरं प्रूफ चाललं. पिशवीतली बिस्किटं प्रेसमध्येच संपली.

कन्नड नावं पलीकडच्या अक्कांनी तपासली. दोन ठिकाणी जोडाक्षर चुकलं होतं, आणि करदंटाच्या शेवटी त्यांनी उकार लावून घेतला.

९ ऑक्टोबर

कार्डं आली, पाचशे. दुपारपर्यंत गल्लीत आणि पुतणीच्या कॉलेजात वाटून झाली.

संध्याकाळी पहिला फोन, टिळकवाडीतून. कार्ड छान आहे, फोटो छान आहेत, चकली करता काय? वहिनींनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि तीन किलोची ऑर्डर घेतली. पाठोपाठ दुसरा फोन: चकली, दोन किलो, आणि करदंट अर्धा. भाजणीचे तांदूळ धुऊन चादरीवर पसरले आहेत. गिरणी सकाळी आठला उघडते. तेलाचं तापमान किती ठेवायचं ते मोजायला वहिनींनी थर्मोकपल मागून घेतलंय.